स्तनाचा कर्करोग आणि बदललेली शस्त्रक्रिया

श्रोतेहो, आज ज्या विषयावर बोलायचे आहे, त्याबद्दल आपल्या घरांतून सहसा उघडपणे बोलले जात नाही. तो विषय म्हणजे स्तनाचा कर्करोग. एखाद्या बाईच्या हाताला गाठ लागते. ती दुखत नाही. 'दुखत नाही, मग उगाच बोभाटा कशाला?' असे म्हणून ती गप्प राहते. त्या गप्प राहण्यात लाज असते. पण त्याहूनही मोठी असते ती भीती. डॉक्टर सगळी छातीच कापून टाकतील, ही भीती! ती कुठून आली आणि आज कितपत खरी आहे, हे थोडक्यात पाहू.

भीती निराधार नव्हती, बरं का. अमेरिकेतील शल्यवैद्य विल्यम हॉलस्टेड यांनी १८८२ साली जी शस्त्रक्रिया सुरू केली, तीत स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी, सारे एकदम काढीत. रोग हरळीच्या मुळ्यांसारखा जागच्या जागी पसरत जातो, तेव्हा खणावे तितके थोडेच, असा त्यांचा समज होता. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ हीच रीत चालली. छाती खोलगट होई, हात सुजे.

मग कुणी तरी विचारले, एवढे कापणे खरोखर जरूर आहे काय? इटलीत मिलान येथे उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात लहान गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांच्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा, दोन तुकड्या पाडल्या. एकीला जुनी मोठी शस्त्रक्रिया. दुसरीला गाठीसह स्तनाचा तेवढाच भाग काढून वर किरणांचा शेक. वीस वर्षांच्या नोंदी २००२ साली प्रसिद्ध झाल्या. राखलेल्या स्तनात रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण काहीसे जास्त होते. पण जगण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच!

काहींना मात्र स्तन काढावाच लागतो. त्यांच्यासाठीही आता एक वाट आहे. वरची त्वचा आणि स्तनाग्र, म्हणजे बोंडी, जागेवर ठेवून आतला स्तनाचा भाग काढतात, आणि त्या जागी शरीरातलेच मांस किंवा कृत्रिम पिशवी बसवून आकार देतात. पण बोंडीत रोग राहून गेला तर? म्हणून बोंडीखालचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. त्यात रोग दिसला, तर बोंडीही काढतात. नीट निवडलेल्या स्त्रियांत बोंडीत रोग परतण्याचे प्रमाण फार थोडे आढळले आहे. मात्र ही माहिती मुख्यतः रुग्णांच्या नोंदींवरून मिळालेली आहे. मिलानसारख्या तुलनेतून नव्हे.

यात धोके नाहीत असे नव्हे. आतला भाग गेल्यावर बोंडीला रक्त केवळ त्वचेतून मिळते. ते अपुरे पडले, तर ती काळी पडून मरते. तंबाखूतल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून विडी ओढणारीने, मिश्री लावणारीनेही, डॉक्टरांना तसे आधीच सांगावे. बोंडी वाचली तरी तिची संवेदना बहुधा पूर्वीसारखी राहत नाही. आणि रोग बोंडीपर्यंत किंवा त्वचेपर्यंत पोचला असेल, तर ही शस्त्रक्रिया करीत नाहीत.

सगळे येऊन ठेपते ते वेळेवर. जी लवकर येते, तिच्यापुढे दोन-तीन वाटा असतात; उशिरा येणारीपुढे कधी कधी एकच उरते. म्हणजे छाती जाईल या भीतीने गाठ लपवली, तर छाती जाण्याचीच शक्यता वाढते!

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून तेथील झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांत एक प्रयोग केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका निम्म्या स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनी हाताने तपासत. यंत्र नाही, काही नाही. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तशी घट दिसली नाही.

तेव्हा मायभगिनींनो, गाठ लागली, बोंडी आत ओढली गेली, तीतून रक्त आले किंवा कातडीला खळी पडली, तर दुखण्याची वाट पाहू नका. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते तपासल्यावाचून कळत नाही. शिक्षकांनी हे पालकसभेत सांगावे, शिक्षिकांनी तर अवश्य सांगावे. आणि घरच्या पुरुषांनो, बायकोने, आईने गाठीचा शब्द काढला, की 'सुगी झाल्यावर बघू' असे म्हणू नका. त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात घेऊन जा.