कार्बन-हायड्रोजन बंधाचे आव्हान



वाशीम जिल्हा सोयाबीनचा. त्या तेलाच्या रेणूत कार्बन-हायड्रोजनाचे बंध ओळीने बसलेले असतात. चिवट आणि बरेचसे एकसारखे. त्यांपैकी नेमका हवा तोच तोडून तेथे नवा अणू कसा जोडावा, हा सेंद्रिय रसायनशास्त्रातील अवघड प्रश्न होय. डॉ. देबब्रत मैती यांनी आपली कारकीर्द अशाच प्रश्नांस वाहिली. मुंबईच्या आयआयटीत एम.एस्सी., अमेरिकेत २००८ मध्ये डॉक्टरेट आणि २०११ पासून पुन्हा मुंबईत अध्यापन.

बेंझिनच्या कड्याला मार्गदर्शक गट जोडला की पॅलेडियम बहुधा शेजारचाच बंध गाठते. समोरचे टोक दूर राहते. २०१५ मध्ये मैती व सहकाऱ्यांनी रेणूला एक लांब ‘हात’ जोडला. तो कड्याला वळसा घालून पॅलेडियमला समोरच्या बंधापाशी नेतो. हात जोडण्याच्या व काढण्याच्या पायऱ्या वाढतात, पॅलेडियमही महाग. ही उणीव लपविण्याजोगी नाही. तथापि औषधनिर्मितीतील इतर अनेक पायऱ्या व त्यांतील टाकाऊ द्रव टाळण्याची वाट येथूनच जाते. त्यांना २०२२ चा भटनागर पुरस्कार लाभला.

दहावीत कार्बनी संयुगे शिकविताना फळ्यावर ‘सी’ आणि ‘एच’ यांच्यामध्ये ओढली जाणारी आखूड रेघ म्हणजेच हा बंध.