चरबी आणि कर्करोग



फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी १९४९ पासून फरीदाबादचे नवे औद्योगिक नगर स्वतःच्या श्रमांनी उभारले. ज्या पिढीने अन्नाची ददात सोसली, तिला भरलेले अंग हे सुखवस्तूपणाचे लक्षण वाटले, यात नवल नाही. आज चित्र पालटले आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हरियाणातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या सुमारे एक तृतीयांश स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले.

चरबी म्हणजे अडचणीच्या दिवसांसाठी भरून ठेवलेली कणगी, अशीच दीर्घकाळ समजूत होती. वस्तुतः ती एखाद्या ग्रंथीप्रमाणे अखंड काम करीत असते. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीचे बीजकोश विश्रांती घेतात. परंतु चरबीतील अ‍ॅरोमॅटेझ हे विकर इस्ट्रोजेन तयार करीतच राहते. त्यामुळे स्तनाच्या व गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशींना वाढीची चेतना मिळते. पोटातील चरबी वाढली की शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते, रक्तातील इन्शुलिन वाढते आणि तेही पेशींच्या विभाजनास उत्तेजन देते. शिवाय फुगलेल्या चरबीत मंद दाह धुमसत राहतो. पेशी जितक्या अधिक वेळा विभागतात, तितका चुकीला अधिक वाव मिळतो. अशा चुका साठत गेल्या की कर्करोगाचे बीज रुजते.

२०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १३ प्रकारच्या कर्करोगांशी अतिरिक्त चरबीचा संबंध पुरेशा पुराव्याने मान्य केला. मोठे आतडे, मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंड व पित्ताशय यांचे कर्करोग त्यांत येतात.

मात्र वजनकाटा नेहमीच खरे सांगतो असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के भरली. हे उदाहरण २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. सडपातळ दिसणारा भारतीय देहही चरबी दडवू शकतो, हा त्याचा बोध होय. म्हणून कंबरेचा घेर मोजणे अगत्याचे आहे. भारतीयांसाठी पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा सुचविण्यात आली आहे.

स्थूलता म्हणजे कर्करोगाची खात्री नव्हे, आणि ती कोणाचा अपराधही नव्हे. धोका वाढतो, इतकेच. आणि तो कमी करता येतो. चालणे, परिमित आहार, तंबाखू व मद्य यांचा त्याग हे उपाय सर्वांना ठाऊक आहेत. त्यांत एकाची भर घालावी : ऋतुनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास कोणत्याही स्त्रीने तो संकोचाने लपवू नये. वेळीच झालेली तपासणी प्राण वाचवू शकते.