आधार कार्डानुसार माझी आजी

  

आज एक हिशेब सांगते. माझ्या आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख होती १ जानेवारी १९५०. आणि आजीचं लग्न झालं १९४८ च्या उन्हाळ्यात. म्हणजे सरकारी कागदाप्रमाणे आजी जन्माला यायच्या दोन वर्षं आधीच बोहल्यावर चढली! थोरले काका जन्मले तेव्हा ती तीन वर्षांची, आणि माझे बाबा झाले तेव्हा अकरा.

हसताय ना? आम्हीही हसायचो. पण तुमच्या घरातल्या आजी-आजोबांची कार्डं काढून बघा. निम्म्यांचा वाढदिवस १ जानेवारीला निघेल. शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही, मग नोंदणीला बसलेला पोरगा चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधतो. आजी काटक होती, केस उशिरा पिकलेले. त्याने चौदा वर्षं कमी लिहिली.

आता मला कसं कळलं चौदा? तर आजीकडे कॅलेंडर नव्हतं, पण खुणा होत्या. आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे. पर्जन्यछायेचा मुलूख, म्हणजे ढग येतात, बघतात आणि पुढे जातात. लग्नाचं वर्ष विचारलं की ती म्हणायची, "गांधीबाबाला मारलं न्हाय का, त्याच साली. थंडीत वाडं जळलं आन् उन्हाळ्यात माझं लगीन." गांधीहत्येनंतर सातारा भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. आजीने शेजारच्या गावावरचा धूर बघितला होता. तेव्हा ती बारा वर्षांची, कारण तिचा पाठचा भाऊ तेव्हा दहाचा होता आणि त्याचा शाळेचा दाखला आमच्याकडे आहे. मुलगा होता ना, त्याचा दाखला असणारच.

धाकटी आत्या 'नवा पैसा आला तवा', म्हणजे १९५७. बाबा 'पुण्यात धरण फुटलं तवा', म्हणजे पानशेत, १९६१. बघा, एकही तारीख पाठ नाही आणि एकही चूक नाही.

१९७२ बद्दल मात्र ती वेगळ्या आवाजात बोलायची. तुम्ही शाळेत दुष्काळावर चार ओळी वाचल्या असतील. आजी त्या वर्षी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. अमेरिकेहून आलेली लाल मिलो रेशनवर मिळायची. भाकरी थापायला घेतली की तुटायची, आणि चव अशी की जनावरानेसुद्धा तोंड फिरवावं. कामावर सुकडी वाटायचे. आजी आपल्या वाटची सुकडी पदरात बांधून घरी आणायची, चार पोरांत वाटायची. बाबा अकरा वर्षांचे होते. त्यांनी एकदा विचारलं, "आये, तू खाल्लीस का?" ती म्हणाली, "तितंच खाल्ली की." बाबांना हे खोटं होतं ते कळायला पुढची वीस वर्षं लागली. अजूनही आमच्या घरात सुकडीचा विषय निघाला की बाबा उठून बाहेर जातात.

आजोबा लालबागला गिरणीत. म्हणजे नवरा वर्षातून दोनदा दिसायचा, एरवी मनीऑर्डर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. मनीऑर्डर बंद. आजोबा वळकटी घेऊन गावी आले आणि ओट्यावर बसून राहिले. आजीने तीन शेळ्या घेतल्या. इतकंच ती सांगायची, 'तीन शेळ्या घेतल्या.' माझ्या मते आमचं घर त्या एका वाक्यावर उभं आहे.

आता चौदा वर्षांची किंमत सांगते, कारण ती नुसती गंमत नव्हती. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तीवेतन ६५ वर्षांनंतर मिळतं. २०१२ साली आम्ही अर्ज घेऊन गेलो. आजी खरी ७६ वर्षांची, कागदावर ६२. टेबलापलीकडचे साहेब म्हणाले, "आजी, अजून तीन वर्षं थांबा." आजी बाहेर आली आणि म्हणाली, "चला, आजून जवान हाय म्हन मी!" ती हसत होती, पण एसटीत घरापर्यंत एक शब्द बोलली नाही.

गेल्या वर्षी नाही, त्याच्या आधीच्या, २०२४ च्या फेब्रुवारीत ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर वय ७४. चौकात लावायच्या बोर्डावर काय छापायचं यावरून घरात वाद झाला. काका म्हणाले, कागदाला धरून राहूया, उगाच वारसनोंदीत घोटाळा नको. बाबा एरवी काकांपुढे बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "दादा, सुकडीच्या साली ती बावीस वर्षांची न्हवती. छत्तीसची होती. बोर्डावर ८८ च येनार." तेच आलं.

माझ्या फोनमध्ये तिचं बेचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. मी तिला जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगितल्या होत्या. तुम्हाला माहीत असेल, हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आज ऑनलाइन ऐकायला मिळतात. म्हटलं, आमच्या आजीच्या आपण ठेवूया. तर ती म्हणे, "जातं न्हाय तर काय म्हनू? हात फिरल्याबिगर याद येत न्हाय." जातं कधीच विकलेलं. मग सहा-सात मिनिटं नुसता कुकर, कोंबड्या, बाहेरून गेलेली मोटरसायकल. आणि मग तिने खाटेवर बसल्या बसल्या हात पुढे केला, मूठ वळली, आणि हवेतच गोल फिरवायला लागली. तिथून पुढे पस्तीस मिनिटं ती थांबलेली नाही.