छतावरचं सोलर आणि खांबावरचा माणूस

(मंडळाच्या श्रावणातील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सोलरवर वीस मिनिटं बोलायला सांगितलंय. मी काही व्याख्याता नाही. चौतीस वर्षं इथल्या एका प्रोसेस हाउसमध्ये इलेक्ट्रिकल खात्यात काढली, एवढंच. पण दीड वर्षापूर्वी घरावर पॅनेल बसवले आणि तेव्हापासून संध्याकाळी फाटकाशी कोणी ना कोणी उभं असतं. "काका, किती खर्च आला? बिल खरंच शून्य येतं का?" मंडळाने विचार केला असावा की माणसाला एकदाच सगळ्यांसमोर उभं करून विचारून घेऊ.

पैशांचं आधी सांगतो. ते ऐकल्याशिवाय तुमचं पुढे लक्ष लागायचं नाही.

2019 साली आपल्या राज्यात सूर्य गुजरात योजना आली, तेव्हा बऱ्याच जणांनी बसवून घेतलं. मी तेव्हा मागे राहिलो. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राची पीएम सूर्य घर योजना आली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे तीन किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी मिळते. त्यापुढे कितीही मोठं बसवा, सबसिडी तेवढीच. पॅनेलच्या आतले सेलसुद्धा भारतात बनलेले हवेत, नाहीतर सबसिडी नाही. स्वस्तात देतो म्हणणाऱ्याला हे आधी विचारा. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिट मिळतात. माझ्या तीन किलोवॅटवर एप्रिलमध्ये तेरा-चौदा युनिट पडतात. आषाढात चार-पाचवर येतात, तेव्हा तोंड पाडून बसू नका.

बिल शून्य येतं का? स्थिर आकार भरावाच लागतो, त्यामुळे अगदी शून्य नाही. आणि एक गोष्ट नीट ऐका, कारण इथे आपल्या गावाकडच्या नातेवाइकांमुळे घोटाळा होतो. माझा धाकटा भाऊ अमळनेरला. त्याच्याकडे उन्हाळ्यात जास्तीचे युनिट उरले की ते पुढच्या महिन्याच्या खात्यात सरकतात आणि मार्चअखेर हिशेब होतो. त्याचं ऐकून मी पाच किलोवॅटचं घ्यायला निघालो होतो. आपल्याकडे तसं नाही. इथे दोन महिन्यांचं बिल, त्याच दोन महिन्यांत दिलेले युनिट घेतलेल्यांतून वजा. त्यावर उरले ते पुढे सरकत नाहीत, त्यांचे पैसे लावतात. आणि सूर्य गुजरात योजनेत तो भाव युनिटला सव्वादोन रुपये ठरला होता. आपण विकत घेतो त्याच्या निम्म्याच्याही खाली. म्हणून मागच्या वर्षाची सहा बिलं काढा, बेरीज करा, घराला लागतं तेवढंच बसवा. वीज विकून कोणी श्रीमंत होत नाही.

आता गच्चीबद्दल. आमच्या सौ.चा विरोध होता. खानदेशातल्या माणसाला गच्ची म्हणजे काय हे मी सांगायला नको. कुरडया, पापड, वड्या, सांडगे, सगळं तिथेच. त्यात आपण सुरतेत राहतो, म्हणजे उत्तरायणला गच्ची सोडली तर नातवंडं घरातून काढतील. शेवटी पॅनेल आठ फूट उंच मांडणीवर घेतले. खर्च वाढला, पण खाली कुरडयांना जागा राहिली. फक्त पॅनेलची सावली कुठे पडते हे पाहून साडी अंथरावी लागते, आणि उत्तरायणानंतर वर अडकलेला मांजा काढायचं काम माझ्याकडे आलं.

दुसरी अडचण तुमच्यापैकी निम्म्यांना येणार आहे. अर्ज लाइटबिलावरच्या नावाने होतो. आमचं बिल वडिलांच्या नावावर. वडील गेले त्याला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. दर दोन महिन्यांनी त्यांच्या नावाचा कागद येतो, मी भरतो, कधी मनातही आलं नाही. वहिनी, हसू नका, तुमचंही तेच आहे. नाव बदलायचं म्हटल्यावर मृत्यूचा दाखला, घराचे कागद, वेरा बिल, आणि भाऊ-बहिणींची ना-हरकत. सही मागायला अमळनेरला फोन केला तर पलीकडे दोन क्षण शांतता. छत कोणाचं हा प्रश्न आमच्यात तोवर कोणी उच्चारला नव्हता. मी सरळ गाडीत बसलो आणि समोर बसून सांगितलं की हे फक्त बिलाचं नाव आहे, घराचा हिस्सा नव्हे, आणि तसं लिहूनही देतो. भावाने सही केली. बहिणीने शिरपूरहून पाठवली, सोबत गूळपोळ्या. तेव्हा पॅनेलवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी हे काम उरका. नंतर घाईत भावाला सही मागितली की ती सही राहत नाही, वसुली वाटते.

बाकी अर्ज-मंजुरी पूर्वीइतकी किचकट राहिलेली नाही. 2024 मध्ये नियम बदलले. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक पडताळणी लागत नाही. मग वीज कंपनी, म्हणजे आपली दक्षिण गुजरात वीज कंपनी, येऊन दोन्हीकडे मोजणारा मीटर बसवते. (2005 मध्ये बोर्डाच्या कंपन्या झाल्या, पण आमच्या तोंडी अजून 'जीईबीवाला'च येतो.)

तर मीटर बसला, चालू झालं, मी पेढे वाटले. आणि जूनमध्ये, पहिल्या वळवाच्या पावसानंतर, दुपारी बारा वाजता लाइट गेली. ऊन परत लख्ख पडलेलं. वर तीन किलोवॅटचे पॅनेल तापलेले. आणि घरात पंखा बंद. शेजारचे पटेलकाका भिंतीवरून म्हणाले, "आ तमारूं सोलर छे के शोभानुं?"

सौ.चाही प्रश्न तोच, जरा कडक मराठीत. आणि फाटकाशी उभं राहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगतो, की बॅटरीशिवायचं साधं सोलर घेतलंत तर लाइट गेल्यावर तेही जाणार. विकणारा हे सांगत नाही.

का जातं? ढोल-ताशा पथक आठवा. ढोल पन्नास असोत, ठेका ताशाचा. ताशा थांबला की ढोल थांबतो. आपला इन्व्हर्टर हा एक ढोल आहे. तो पॅनेलची वीज ग्रीडच्या ठेक्यावर बसवतो, सेकंदाला पन्नास आवर्तनं, ना एक कमी ना एक जास्त. आणि हा ताशा फार मोठा आहे. त्याच्यात आपल्या उकाईचं पाणी आहे, काकरापारच्या अणुभट्ट्या आहेत. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाइन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रीडही बाकी देशाला जोडलं गेलं. तेव्हापासून पलसाण्यातला, सोलापुरातला आणि चेन्नईतला ठेका एकच. तुमच्या छतावरचं इवलंसं यंत्र त्या सगळ्यांच्या बरोबरीने वाजत असतं. तारेतून तो ठेका येणं थांबलं, की इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत गप्प बसलंच पाहिजे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा 2013 चा नियमच आहे. अँटी-आयलंडिंग म्हणतात त्याला.

हे गप्प बसणं कशासाठी, ते सांगताना मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. घरच्यांशिवाय कोणाला सांगितलेली नाही.

मी तिशीच्या आतला होतो. आम्ही तेव्हा भाड्याने राहायचो, दुसऱ्या सोसायटीत. गणपतीचा सहावा दिवस, रात्रीचे नऊ, धो धो पाऊस, आणि आरतीच्या आधी लाइट गेली. मंडपात जनरेटर होता, भाड्याचा, लहानसा. पण मंडपाचं वायरिंग शेजारच्या घरातून घेतलेलं. ते सोडवून जनरेटरला जोडायचं म्हणजे अर्धा तास. मी मिलमध्ये इलेक्ट्रिकलला, म्हणून पोरं माझ्याकडे आली. मी दोन्ही टोकांना पिन असलेली एक वायर करून दिली. एक पिन जनरेटरला, दुसरी त्या घराच्या सॉकेटमध्ये. मेन स्विच पाडा, एवढं सांगितलं. मी स्वतः जाऊन पाडला नाही. पावसात भिजायचं नव्हतं.

जनरेटर सुरू झाला. मंडप उजळला. आणि त्याच वेळी शेजारच्या दोन घरांतही दिवे लागले. पोरांनी "मोरया!" अशी आरोळी ठोकली. मीही टाळी वाजवली. मला कळायला हवं होतं, माझं कामच ते होतं. मेन पाडलेला नव्हता. आमची वीज घरातून उलटी रस्त्याच्या तारेवर गेली होती.

गल्लीच्या टोकाच्या खांबावर जंपर सुटला होता आणि तो जोडायला लाइनमन वर चढला होता. त्याने पलीकडचा फ्यूज काढून ठेवला होता, म्हणजे त्याच्या बाजूने त्याने सगळं बरोबर केलं होतं. आमच्या बाजूने काही येईल असं त्याला कशाला वाटावं? तो खाली पडला. खाली चिखल होता म्हणून वाचला. कंबर मोडली, उजव्या हाताची दोन बोटं गेली. परत खांबावर चढला नाही. दवाखान्यात मी त्याला भेटायला गेलो, नारळ आणि केळी घेऊन. वायर कोणी केली हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्याचा मुलगा तेव्हा तिसरीत होता. गोधडीच्या टोकाशी बसून पाढे लिहीत होता.

म्हणून जून महिन्यात माझा पंखा बंद पडला तेव्हा मला राग आला नाही. पटेलकाकांना मी म्हटलं, काका, आत्ता तारेवर कोणीतरी हात घालून उभा असेल.

आता हे आज सांगायचं कारण. गेल्या महिन्यात आपल्यातलाच एक हुशार मुलगा माझ्याकडे आला. नाव घेत नाही, तो इथेच बसलाय. म्हणाला, "काका, इन्व्हर्टरला ताशाच हवा ना? मग छोटा जनरेटर लावून आपणच ताशा वाजवू. तो फसेल, सोलर चालू राहील." डोकं चालतं त्याचं, यात शंका नाही. मोबाइलवर व्हिडिओही पाहिला होता. पण असं केलंत आणि मेन पाडायला विसरलात, तर तुम्ही नेमकी माझी वायर परत तयार केलीत. आणि जनरेटर बंद होत नाही तोवर थांबत नाही. शिवाय दुपारी घरात वीज कमी लागली तर उरलेली जनरेटरमध्येच उलटी घुसते आणि तो जळतो, ते वेगळं.

लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर सरळ मार्ग आहे. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी. लाइट गेली की तो आधी स्वतःला रस्त्याच्या तारेपासून तोडतो आणि मग घरातले ठरावीक दिवे-पंखे चालवतो. बॅटरीचा खर्च मोठा आहे आणि सबसिडी पॅनेलच्या किलोवॅटवर मोजतात, बॅटरीवर नाही. आपल्या भागात लाइट किती जाते, त्याला तो खर्च परवडतो का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी घेतली नाही. घरात आजारी माणूस असेल, ऑक्सिजनचं मशीन असेल, तर जरूर घ्यावी.

दोन-तीन बारीक गोष्टी राहिल्या. अर्थिंग तीन वेगळी हवीत: पॅनेलच्या बाजूचं, घराच्या बाजूचं आणि वीजरोधकाचं. कंत्राटदार एकाच खड्ड्यात तिन्ही उरकायला बघतो. खड्डे मोजून घ्या. दिवसा पॅनेलला बंद करायचं बटण नसतं. ऊन आहे तोवर वरच्या वायरीत अडीच-तीनशे व्होल्ट असतात, लाइट गेलेली असली तरी. त्यामुळे गच्चीवर पोरांना त्या वायरींशी खेळू देऊ नका. आणि पॅनेल धुवा. पुण्यातला माझा मेहुणा महिन्यातून एकदा धुतो. आपल्याकडे बॉयलरच्या चिमण्या आहेत, काजळी बसते; मी दर रविवारी धुतो, सूर्य वर यायच्या आत, गार काचेवर. न धुतलेल्या आणि धुतलेल्या आठवड्यात मला दिवसाला युनिट-दीड युनिटचा फरक दिसतो.

यंदाच्या मंडपाचंही बोलून घेतो, कार्याध्यक्ष समोरच आहेत. जनरेटर आणि लाइन यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच लागेल, एका वेळी एकच बाजू जोडणारा. तो मी माझ्या खर्चाने बसवून देतो आणि दहा दिवस त्याची चावी माझ्याकडे राहील. रात्री अकरा वाजता पाऊस पडत असला तरी मला उठवा.

ज्यांचं बिल वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर आहे त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहानंतर माझ्या घरी या. शेवटचं लाइटबिल, वेरा बिल आणि मृत्यूचा दाखला, तिन्हींच्या दोन-दोन झेरॉक्स आणा. अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे. दहाच्या आधी येऊ नका, मी गच्चीवर असेन.