उसाच्या मुळाशी वसणारे सूत्रकृमी



भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण या आपल्या तालुक्यांतील ऊस आजवर गुळाचे आणि साखरेचे पीक म्हणून नांदला; परंतु २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने उसाचा रस आणि गोड ज्वारी यांपासून थेट इथेनॉल काढण्यास मुभा दिल्यापासून तो इंधनाचेही पीक झाला आहे. गोड ज्वारीवर फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने आणि आपल्या शेजारच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅटने त्यापूर्वीच कित्येक वर्षे परिश्रम केले होते. रसाचा उतारा आणि वाणाची निवड यांची इतकी सूक्ष्म चिकित्सा होत असता, ज्या मुळांवर हा सारा डोलारा उभा आहे त्या मुळांत कोण वसते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही, हे मला फार उणे वाटते.

उसाच्या मुळांवरील गाठींत राहणाऱ्या सूत्रकृमीचे, म्हणजे सूक्ष्म धाग्यासारख्या कृमीचे, वर्णन मेल्कियोर ट्रॉइब याने १८८५ साली जावा बेटात केले, आणि त्या बेटाचे नाव त्या जातीस आजही ‘मेलॉयडोगायनी जावानिका’ या रूपाने चिकटलेले आहे. हिंदुस्थानात मुळांवरील गाठींच्या सूत्रकृमीची पहिली नोंद सी. ए. बार्बर यांनी १९०१ साली दक्षिणेतील देवाळा येथील चहाच्या मळ्यात केली. हेच बार्बर पुढे कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्राचे धुरीण झाले, आणि आपले सहकारी वेंकटरामन यांच्यासह त्यांनी घडविलेल्या संकरित उसाने या देशातील ऊसशेतीचे स्वरूपच पालटून टाकले.

फडात जागोजागी खुजे, पिवळट चट्टे पडले, खोडवा दरसाल विरळ होत गेला, म्हणजे आपण कधी पाण्यास, कधी खतास, कधी बेण्यास बोल लावतो. आणि हे आरोप पुष्कळदा खरेही असतात, म्हणूनच केवळ पाने पाहून सूत्रकृमीवर ठपका ठेवणे अनुचित होय. मूळ उपटूनच पाहिले पाहिजे. गाठी करणाऱ्या जातीमुळे उसाच्या मुळांची टोके फुगून वाकडी होतात, तर ‘प्रॅटिलेंकस झीए’ या जातीमुळे मुळांवर तांबूस-काळसर डाग पडून बारीक तंतुमुळे झडून जातात. गाठ मात्र एकही दिसत नाही, आणि म्हणून हा दुसरा शत्रू बहुधा सुटून जातो.

पुढील काम सूक्ष्मदर्शकाचे. माती पाण्यात ढवळून चाळण्यांतून गाळल्यावर जे सूत्रकृमी मिळतात, त्यांतील पुष्कळसे जीवाणूंवर जगणारे, निरुपद्रवी, किंबहुना उपकारकच असतात. मुखात पोकळ सुई असलेले तेवढे वेगळे काढावयाचे. त्या सुईची लांबी व तिच्या बुडाच्या घुंड्या, ओठांचा आकार, मादीचे जननद्वार शरीराच्या कोणत्या भागी आहे, शेपूट बोथट की निमुळते, या लक्षणांवरून जात ठरते. ‘प्रॅटिलेंकस’ची सुई आखूड व जाड, लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर, ‘होप्लोलायमस’ त्याहून बराच मोठा व दणकट सुईचा, ‘हेलिकोटिलेंकस’ हलक्या उष्णतेने मारला असता वेटोळे करून पडतो. गाठीतील मादीची ओळख मात्र तिच्या मागील टोकावरील रेषांच्या नक्षीवरून करावी लागते. आजकाल जनुकद्रव्याच्या तपासणीने हे काम अधिक निश्चित झाले आहे. तरी नजरेचा अभ्यास सुटू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर आपल्या तुरीच्या रानातच आहे. ‘प्रॅटिलेंकस झीए’ मुख्यतः तृणकुलातील पिकांवर जगतो. म्हणून उसानंतर ज्वारी वा मका घेणे म्हणजे त्याची बडदास्त राखणे होय, आणि तेथे तुरीची पाळी हितकर ठरते. उलट ‘मेलॉयडोगायनी जावानिका’ उसावरही पोसतो आणि तुरीवरही; तो रानात असता ऊस मोडून तूर पेरणाऱ्याने शत्रूचे केवळ ताट बदलले. तुरीचा स्वतःचा ‘हेटेरोडेरा कजानी’ हा तिसराच: कोवळ्या मुळांवर त्याच्या माद्या मोत्यांसारख्या पांढऱ्या कणांच्या रूपाने भिंगाखाली दिसतात, आणि मूग-उडीदही त्यास चालतात. येथे एक खूण ध्यानात ठेवावी: तुरीच्या मुळांवरील नत्राच्या उपयुक्त गाठी बोटाने सहज सुटतात, सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण ते मूळच सुजलेले असते.

तेव्हा नाव न कळता औषध ओतणाऱ्याचा खर्च जातो, आणि मातीतील निरुपद्रवी जीव मात्र मरतात. नमुना घ्यावयाचा तो चट्ट्याच्या मध्यातून नव्हे, कारण तेथे मूळच उरलेले नसते. कडेच्या आजारी पण जिवंत बेटाखालून, वीतभर खोलीवरून, ओलसर माती मुळांसकट घ्यावी, निरोगी भागातील दुसरा नमुना वेगळा बांधावा, आणि उन्हात न ठेवता लवकर तपासणीस पाठवावा. सोबतच्या चिठ्ठीवर सर्व्हे नंबर, जमीन काळी की तांबडी, खोडवा कितवा, आणि पहाणीत नोंदलेली गेल्या तीन वर्षांची पिके लिहावीत. तपासणाऱ्यास पिकाची पुढची पाळी सुचवावयाची असते, आणि ती या नोंदीवाचून सुचविता येत नाही.