जिथे शब्द नाहीत, तिथे भानामती

(कनेरगाव नाका येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



या गावाच्या नावातच नाका आहे. १९४८ पूर्वी पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे वाशीमच्या बाजूचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली होता. माल नाक्यावर अडे, माणसांची विचारपूस होई. भानामती मात्र कोणत्याही नाक्यावर अडली नाही.

भानामती म्हणजे काय, हे मराठवाड्यात सांगावे लागत नाही. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. मग देवऋषी बोलावला जातो आणि कोणाचे तरी नाव निघते. ते बहुधा एखाद्या विधवेचे, एकट्या बाईचे किंवा ज्याच्याशी बांधाचे भांडण आहे अशा शेजाऱ्याचे असते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ साली स्थापन झाली. तिच्या कार्यकर्त्यांनी अशा अनेक घरांत जाऊन शोध घेतला, तेव्हा करणारा हात त्यांना घरातच सापडला. पुष्कळदा तो घरातल्या सर्वांत दबलेल्या माणसाचा होता : वयात येणाऱ्या मुलीचा, नव्या सुनेचा, कोंडमारा झालेल्या मुलाचा. अशा व्यक्तीचे नाव चव्हाट्यावर आणायचे नाही, तिला आधार व उपचार द्यायचे, ही कार्यकर्त्यांची पद्धत राहिली. यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. ज्याला आपले दुःख बोलून दाखवण्याची सोय नाही, त्याचे दुःख दगड होऊन पत्र्यावर पडते.

मुलावर प्रेम करणारा मुलगा, मुलीवर प्रेम करणारी मुलगी, किंवा मुलगी म्हणून वाढवला गेलेला पण मनाने मुलगा असलेला तरुण यांच्या वाट्याला खेड्यात नेमके हेच मुकेपण येते. आपल्याला काय होते आहे हे सांगायला शब्द नसतो. असतो तो फक्त शिवीचा. घरचे लोक 'बाहेरची बाधा' म्हणतात आणि त्याला देवऋष्याकडे नेतात.

या पार्श्वभूमीवर परदेशांतील तरुण वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या एका नव्या कादंबरीप्रकाराकडे पाहिले पाहिजे. त्यात जादूटोणा आहे, वयात येणे आहे आणि समलिंगी वा पारलिंगी प्रेमही आहे. एडन थॉमस यांची 'सिमेट्री बॉईज' (२०२०) ही त्यांपैकी एक गाजलेली कादंबरी. लॉस एंजेलिसमधील लॅटिन अमेरिकी वस्तीत मांत्रिकांचा एक समाज राहतो. त्यात श्रमविभागणी ठरलेली आहे : बायकांनी बरे करायचे, पुरुषांनी मृतात्म्यांना मार्गस्थ करायचे. याद्रिएल हा सोळा वर्षांचा तरुण मुलगा आहे, पण समाज त्याला मुलगीच समजतो आणि पुरुषाची दीक्षा नाकारतो. तो स्वतःच विधी करतो, एका मृत मुलाचा आत्मा जागवतो आणि त्याच्या प्रेमात पडतो.

विवेकवादी कार्यकर्ता येथे आक्षेप घेईल की, याने अंधश्रद्धाच वाढणार नाही काय? आक्षेप रास्त आहे, परंतु पुरता नाही. कादंबरीतील जादू ही कल्पना आहे, हे तिचा वाचक जाणतो. गावात 'चेटकीण' म्हटलेली बाई मात्र कल्पनेत मार खात नाही. सिल्व्हिया फेडेरिची यांनी 'कॅलिबन अँड द विच' (२००४) या ग्रंथात युरोपातील चेटकीणशिकारीचा संबंध सामायिक जमिनी बळकावण्याशी आणि स्त्रीच्या श्रमावर व शरीरावर ताबा मिळवण्याशी जोडला. ज्या शब्दाने बायका जाळल्या गेल्या, तो शब्द तिकडची तरुण पिढी आज स्वाभिमानाने उचलते आहे. आपल्याकडे ती शिकार अजून संपलेली नाही. म्हणून चेटकिणीचे कौतुक जसेच्या तसे आयात करता येणार नाही.

मराठीची वाट वेगळी आहे. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) या नाटकातील मित्रा एका मुलीवर प्रेम करते, आणि शेवटी तिच्यापुढे मरणाखेरीज मार्ग उरत नाही. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्ल्यू' (२००६) या कादंबरीत भाऊ आणि बहीण घरातल्या एकाच भाडेकरूवर प्रेम करतात आणि दोघेही आपापली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगतात. पंचवीस वर्षांत मराठी साहित्य मरणापासून निवेदनापर्यंत आले, ही लहान मजल नव्हे.

आणि राजन गवस यांच्या 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कादंबऱ्यांवर आधारलेला 'जोगवा' (२००९) हा चित्रपट. त्यातील तायप्पाला देवीच्या नावाने लुगडे नेसवून जोगता केले जाते. याद्रिएलला समाज पुरुष होऊ देत नाही. तायप्पाला पुरुष राहू देत नाही. वरवर या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट दिसतात, परंतु मूळ प्रश्न एकच आहे : माणूस कोण आहे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, त्याचा की रूढीचा?

कायद्याने काही उत्तर दिले आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा त्यान्वये गुन्हा असून सहा महिने ते सात वर्षे कैद आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. समलिंगी कल 'बरा' करण्याचे उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली कळवले. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मिळाला नाही.

पण केवळ कायद्याने पोट भरत नाही. 'कोबाल्ट ब्ल्यू'मधील प्रेमाला निदान भाड्याची एक खोली तरी मिळते. ज्याच्या बापाची तीन एकर कोरडवाहू आहे, जो सोयाबीनच्या हंगामात घरच्या रानात बिनमजुरीने राबतो, ज्याच्या लग्नावर बहिणीच्या लग्नाचा हिशेब अवलंबून आहे, त्याला खोली कोठली? लग्न हा आपल्या शेतकरी कुटुंबाचा आर्थिक व्यवहार आहे. म्हणूनच त्या व्यवहारात न बसणारे प्रेम रोग ठरते. तेव्हा हा प्रश्न शहरी मध्यमवर्गाचे चोचले आहेत, असे म्हणणाऱ्याने आपले अर्थशास्त्र पुन्हा तपासावे. स्वतंत्र मजुरी, जमिनीत नाव, तालुक्याला वसतिगृह या मागण्या चळवळीच्या जुन्याच आहेत. त्या या मुलांच्याही आहेत, एवढेच आता मोठ्याने म्हणायचे आहे.

आणि जवळचे काम आजच करता येईल. गावच्या वाचनालयात ही पुस्तके ठेवावीत. बाधा झाली म्हणून एखादे पोर देवऋष्याकडे निघाले, तर कार्यकर्त्याने वाटेतच त्या घराला गाठावे. बापाला कायदा सांगण्याआधी पोराजवळ बसावे आणि त्याचे ऐकावे. ज्या घरात पोराचे ऐकले जाते, त्या घरावर दगड पडत नाहीत.