धुऱ्यावरची उटकटारी

यवतमाळ जिल्ह्याला कुणी वाळवंट म्हणणार नाही. वर्धा-पैनगंगेचा हा मुलूख, पाऊसही बऱ्यापैकी. पण तो सगळा चार महिन्यांत पडून जातो. दिवाळी सरली की बरड जमिनीवरचा मुरूम कोरडा ठणठणीत होतो. तिथं तग धरायचा तर वाळवंटी झाडाचेच गुण अंगी असावे लागतात. उटकटारीकडे ते आहेत.

कापूस वेचायला जाताना धुऱ्यावर किंवा पांदणीच्या कडेला ही तुम्हाला भेटलीच असेल. बहुधा लुगड्याचा काठ अडकल्यावर. बुडापासून फाटे फुटलेलं, फार तर कमरेएवढं झुडूप, आणि फांदीच्या टोकाला काटेरी चेंडू. काहीजण तिला पिवळ्या धोतऱ्यात जमा करतात. पण पिवळा धोतरा मोडला की पिवळा चीक येतो, आणि तो मूळचा मेक्सिकोकडचा. उटकटारी इथलीच. कूळ सूर्यफुलाचं, करडईचं. गाजरगवतही त्याच कुळातलं, पण मोठं घराणं म्हटलं की असा एखादा निघायचाच!

तिचं पान जपून उलटून बघा. खालची बाजू पांढरी, दाट लवेची. पानातली वाफ बाहेर पडते ती मुख्यतः खालच्या अंगानं. तिथं ही लव वाऱ्याला आडवी येते आणि ओल लवकर उडत नाही. खाली सोटमूळ खोल गेलेलं असतं.

तो चेंडू म्हणजे एक फूल नव्हे. त्यात कितीतरी बारीक पांढुरकी फुलं असतात, आणि प्रत्येकाला स्वतःचं काटेरी वेष्टन. सूर्यफूल कडेकडून आत उमलत जातं. उटकटारीचा चेंडू मात्र माथ्यापासून खाली उमलतो. सगळी फुलं एकदम फुलत नाहीत, म्हणून मधमाश्यांच्या फेऱ्या बरेच दिवस चालतात.

गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे गावच्या ई-क्लास, म्हणजे चराईच्या जमिनीवर गवत चरून संपतं आणि ही उरते. मग लोक म्हणतात, उटकटारीनं माळ खाल्ला. माझ्या मते माळ आधीच खाल्लेला असतो. ही फक्त मोकळ्या जागी येऊन बसते. हरभऱ्यात शिरली तर बी धरण्याआधी मुळासकट काढावीच. माळावर मात्र नुसती उपटून भागत नाही. तिथं पावसाळ्यात काही काळ चराई बंद ठेवून गवताला वर यायला सवड द्यावी लागते.